जहाज निवडताना

आईबाबा यंदाच्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच सिअ‍ॅटलला येणार हे नक्की झालं, आणि मी सवयीने एक एक्सेल शीट उघडलं.

बाबा एसटीतून निवृत्त झालेले. आईने आयुष्यभर साताऱ्याबाहेर फारसं न पडता संसार केलेला. दोघांना काहीतरी मोठं दाखवायचं होतं. इथल्या बंदरातून अलास्काची जहाजं सुटतात. उन्हाळाभर पांढऱ्या दहा-बारा मजली इमारती सकाळी येऊन उभ्या राहतात आणि संध्याकाळी निघून जातात. आईने कधीतरी व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "तो बर्फाचा कडा पाण्यात कोसळतो, ते तुझ्या तिथनं जवळ आहे का रे?" जवळ म्हणजे दीडेक हजार किलोमीटर. पण मी "हो" म्हणून बसलो होतो.

शीटमध्ये रकाने पाडले. भाडं, जहाजाचा आकार, कोणकोणते थांबे, ग्लेशियर बे आहे की नाही, लिफ्ट, शाकाहारी जेवण, व्हिसाची कटकट. प्रत्येक रकान्याला वजन दिलं, बेरीज शंभर केली. दोन नोकऱ्यांमधली एक निवडताना आणि भाड्याचं घर घेताना मी हेच केलं होतं. शेवटी मात्र एक रकाना असा टाकला, जो याआधी कधी टाकला नव्हता. त्याचं नाव 'नुकसान'. बाकीचे सगळे रकाने एका शनिवारी भरून झाले. हा एक महिनाभर रिकामा होता. या लेखाचा विषय तो रकाना आहे.

* * *

आधी निवडीला काय काय होतं ते सांगतो, कारण पुढचा सगळा गुंता त्यातूनच येतो.

पहिला पर्याय सगळ्यांना माहीत असलेला. तीन-चार हजार प्रवाशांचं मोठं जहाज, सात रात्री, सिअ‍ॅटल ते सिअ‍ॅटल. वाटेत केचिकान, जुनो, स्कॅगवे यांतली दोन-तीन बंदरं आणि एक दिवस एखाद्या हिमनदीसमोर. शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला चार-पाच तासांचा थांबा. हा थांबा का, याचं उत्तर १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यात आहे. परदेशी झेंड्याखालच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन नुसतं अमेरिकेतच फिरवून आणायचं नाही, मध्ये परदेशी बंदराला पाय लावायचा, असा तो नियम. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी झेंड्याखाली नोंदलेली असतात. म्हणून दर आठवड्याला हजारो माणसं रात्री व्हिक्टोरियाला उतरून फुलांच्या टांगत्या कुंड्या बघून परत येतात. भारतीय पासपोर्टवाल्यांना तेवढ्यासाठी कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो.

दुसरा पर्याय साठ-सत्तर प्रवाशांच्या छोट्या बोटीचा. ही जहाजं अमेरिकन झेंड्याखाली असल्यामुळे व्हिक्टोरियाची गरज नाही. अरुंद खाड्यांमध्ये शिरतात, कयाक उतरवतात, कुठे व्हेल दिसला तर तासभर थांबतात. भाडं मोठ्या जहाजाच्या कित्येक पट. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेकांत लिफ्ट नाही, आणि खरी मजा रबरी होडीत चढण्या-उतरण्यात. आईच्या दोन्ही गुडघ्यांत झीज आहे.

तिसरा पर्याय बाबांनी शोधला असता तर मला आश्चर्य वाटलं नसतं. अलास्का राज्य सरकारची फेरीसेवा १९६३ पासून चालू आहे. तिचं नावच 'मरीन हायवे'. जुनोसारख्या राजधानीच्या गावालाही बाहेरून येणारा रस्ता नाही, त्यामुळे माणसं, गाड्या, फ्रीज, कुत्री, शाळेचे बास्केटबॉल संघ सगळं या फेऱ्यांवरून जातं. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बेलिंगहॅमहून ती सुटते. केबिन न घेणारे लोक डेकवर तंबू ठोकून झोपतात. थोडक्यात, पाण्यावरची लाल डबा एसटी. बाबांना वेळापत्रक दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून पंधरा मिनिटं वाचलं आणि म्हणाले, "कनेक्शन चुकलं तर दोन दिवस बसावं लागंल."

* * *

आता नुकसानाचा रकाना.

सुरुवात इंधनापासून केली, कारण तिथे आकडे मिळतात. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ २०१५ पासून जहाजाच्या इंधनात गंधकाचं प्रमाण ०.१० टक्क्यांहून जास्त चालत नाही. कमी गंधकाचं तेल महाग. म्हणून अनेक जहाजांवर धूर धुऊन काढणारी यंत्रणा, म्हणजे स्क्रबर, बसवलेली असते. स्वस्त जड तेल जाळायचं, धूर समुद्राच्या पाण्याने धुवायचा. यातले बरेचसे 'ओपन लूप' प्रकारचे, म्हणजे ते धुवण थेट समुद्रात जातं. हवेतलं पाण्यात. आमच्या धंद्यात एका सर्व्हरवरचा लोड दुसऱ्यावर ढकलून डॅशबोर्ड हिरवा करतात, तसंच हे.

मग कार्बन. २०१६ साली डर्क नॉट्झ आणि ज्युलियन स्ट्रोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी 'सायन्स'मध्ये एक हिशेब मांडला होता. हवेत सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे आर्क्टिक महासागरावरचा सप्टेंबरमधला बर्फ सुमारे तीन चौरस मीटरने कमी होतो. अलास्काच्या हिमनद्या म्हणजे तो समुद्रावरचा बर्फ नव्हे, हे खरं. पण एका माणसाच्या वाट्याला काय येतं, हे इतक्या सरळ सांगणारा दुसरा आकडा मला माहीत नाही. मुंबई ते सिअ‍ॅटल सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन एका माणसाचे ढोबळमानाने दोन-अडीच टन. म्हणजे आई मला भेटायला आली, तर सात चौरस मीटर बर्फ. साताऱ्याच्या घरातली देवघराची खोली साधारण तेवढी आहे.

आणि ते तर जहाजाच्या आधीच झालेलं. आईने मला भेटायला यावं की नाही, हा प्रश्न मी शीटमध्ये टाकला नव्हता आणि टाकणारही नव्हतो. इथेच मला पहिल्यांदा आपल्या प्रामाणिकपणाचा संशय आला. जे आपल्याला सोडायचंच नाही त्याचं नुकसान आपण मोजत नाही. जे थोडंफार सोडायची तयारी आहे, तिथे मात्र दशांश चिन्हापर्यंत जातो.

यावर एक नेहमीचं उत्तर आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. मी तिकीट काढलं नाही तरी जहाज निघणारच. माझ्या एकट्याच्या नसण्याने एक थेंबही तेल वाचणार नाही. वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग या अमेरिकन तत्त्वज्ञाने २००५ साली असाच युक्तिवाद केला. रविवारी मजेखातर भरपूर पेट्रोल पिणारी गाडी फिरवणं चुकीचं आहे असं त्यालाही वाटतं, पण ते चूक ठरवणारं पक्कं नैतिक तत्त्व त्याने शोधून पाहिलं आणि त्याला सापडलं नाही. उलट बाजूला डेरेक पारफिट आहे. १९८४ सालच्या 'रीझन्स अँड पर्सन्स'मध्ये त्याने एक कल्पित प्रसंग रचला. हजार छळ करणारे आणि हजार कैदी. प्रत्येक जण एक बटण दाबतो आणि त्याने प्रत्येक कैद्याच्या वेदनेत इतकी बारीक भर पडते, की कैद्याला ती जाणवतसुद्धा नाही. हजारांनी दाबलं की मात्र यातना असह्य होतात. यातला प्रत्येक जण म्हणू शकतो, "माझ्या बटणाने कुणालाच काही झालं नाही." आणि ते खरंही असतं. तरी पारफिटचं म्हणणं असं, की आपण एकेकट्याने काय केलं एवढंच न पाहता, आपण सगळे मिळून काय करतो आहोत ते पाहिलं पाहिजे.

मला पारफिट पटतो. पण शीट भरताना त्याचा उपयोग होईना. "सगळे मिळून" हे कळलं, तरी माझ्या ओळीत आकडा कोणता लिहायचा?

* * *

ग्लेशियर बे हे त्या भागातलं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या नियमांनी मला थोडी वाट दाखवली.

तिथे एका दिवसात जास्तीत जास्त दोनच मोठी क्रूझ जहाजं जाऊ शकतात. कुणाला किती दिवस मिळणार हे आधीच ठरलेलं. म्हणून सगळ्या कंपन्यांची जहाजं तिथे जात नाहीत, आणि 'ग्लेशियर बे आहे की नाही' हा रकाना लागतो. जहाज आत शिरण्याआधी उद्यानाचे रेंजर शिडीने वर चढतात आणि दिवसभर थांबतात. व्हेल असतील तिथे वेगावर मर्यादा. जॉन्स हॉपकिन्स नावाच्या खाडीत सीलची पिल्लं बर्फाच्या तुकड्यांवर जन्मतात, म्हणून उन्हाळ्याचा बराचसा काळ क्रूझ जहाजांना तिथे प्रवेशच नाही. मोठ्या जहाजावरून कुणीही किनाऱ्यावर उतरत नाही. बघायचं आणि निघायचं.

आमच्याकडे याला रेट लिमिट म्हणतात. सर्व्हर प्रत्येक क्लायंटच्या चांगुलपणावर विसंबून राहत नाही. मिनिटाला इतक्याच विनंत्या, पुढची रांगेत. अशा ठिकाणी माझ्या तिकिटाचा अर्थ बदलतो. मी गेलो म्हणून तिसरं जहाज येत नाही. मी गेलो नाही तर माझ्या जागी दुसरं कुणी जातं. जिथे मर्यादा नाही तिथे मात्र माझं तिकीट पुढच्या वर्षीच्या मागणीच्या आलेखात भर घालतं, आणि त्या आलेखाकडे बघून कुणीतरी आणखी मोठं जहाज बांधायला टाकतं. धूर दोन्हीकडे सारखाच, ते मर्यादेने सुटत नाही. पण पारफिटची हजार बटणं थांबवायची, तर हजार माणसांच्या सदसद्विवेकापेक्षा असा एक नियम जास्त कामाचा.

जुनोमध्येही हेच चाललं आहे. बत्तीसेक हजार वस्तीचं गाव. २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, आणि २०२६ पासून दिवसाला १६,००० प्रवाशांची मर्यादा, शनिवारी १२,०००. ऑक्टोबर २०२४ मध्ये गावात मतदान झालं, शनिवारी मोठी जहाजं नकोतच असा प्रस्ताव होता. तो पडला. त्यांच्यातल्या कित्येकांचं पोट जहाजांवर आहे. बाहेरून येऊन "तुमच्या गावावर किती हा भार!" असं हळहळणाऱ्या माझ्यासारख्यापेक्षा, स्वतःच्या गावाचं किती विकायचं हे मत देऊन ठरवणारे लोक मला जास्त प्रौढ वाटले.

आणि या नियमांनी माझी एक खुशीची कल्पनाही मोडली. मला छोटी बोट हवी होती. का? कारण ती 'शुद्ध' वाटत होती. मोठं जहाज म्हणजे बुफे, कसिनो, पाण्याच्या घसरगुंड्या. छोटी बोट म्हणजे निसर्ग. पण त्या शुद्धतेची किंमत कोण देणार होतं? पैसे मी दिले असते. शिड्या मात्र आईला चढाव्या लागल्या असत्या. मुलाच्या मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून तिने रबरी होडीत पाय टाकायचा, किंवा बाकीचे गेले की खिडकीशी बसून राहायचं. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित भागात दोनशेहून जास्त प्रवाशांचं जहाज जाऊ शकत नाही. तिथल्या नाजूक जमिनीसाठी तो नियम योग्यच असेल. पण जहाजं लहान ठेवण्याचा एक परिणाम असा, की पैसे आणि गुडघे दोन्ही धड असलेल्यांनाच तो बर्फ दिसतो. ग्लेशियर बेमध्ये लिफ्टने डेकवर येऊन खुर्चीत बसलेल्या बाईलाही तो कडा तेवढाच दिसतो. कमी नुकसान आणि जास्त लोकांना वाव या दोन गोष्टी नेहमी एका बाजूला नसतात, हे मला शीटमधल्या वजनांनी कधी सांगितलं नव्हतं.

* * *

एवढं झाल्यावर रकाना भरला असता. पण ग्लेशियर बेबद्दल वाचत गेलो आणि ज्या मर्यादेवर मी खूश होतो तिच्याच खाली एक जुनी गोष्ट निघाली.

१७५०च्या सुमाराला तो उपसागर नव्हताच. तिथे बर्फ होता. १७९४ मध्ये व्हँकूव्हरच्या मोहिमेतल्या लोकांना बर्फाच्या भिंतीसमोर किनाऱ्यात एक लहानशी खोबण दिसली. १८७९ मध्ये जॉन म्यूर आला तोवर बर्फ पन्नासेक किलोमीटर मागे गेला होता. १९१६ पर्यंत शंभरेक किलोमीटर. यातलं बरंचसं मोटारगाड्यांच्या आधीचं आहे. त्यामुळे तो रिकामा उपसागर दाखवून "बघा, आपण काय केलं" असं म्हणणं चूक ठरेल. आज अलास्काच्या हिमनद्या ज्या वेगाने वितळताहेत ती गोष्ट वेगळी.

पण बर्फाच्याही आधी तिथे दरी होती आणि दरीत गावं होती, हुना त्लिंगित लोकांची. हिमनदी पुढे सरकत आली आणि त्यांना घरं सोडून पळावं लागलं. कुत्रा धावावा तशी ती आली, असं त्यांच्यात पिढ्यानपिढ्या सांगतात. त्या पळापळीची एक पूर्ण कथा आहे. त्लिंगित परंपरेत अशी कथा ही त्या त्या कुळाची मालमत्ता असते, म्हणून ती मी इथे सांगत नाही. ते लोक सामुद्रधुनी ओलांडून हूनाह या गावी वसले. बर्फ मागे हटला तशी शिकारीला, अंडी गोळा करायला, बोरं तोडायला परत येऊ लागले. त्यांच्या भाषेत त्या जागेचं नाव 'हिमनदीच्या जागी असलेला उपसागर' अशा अर्थाचं आहे.

१९२५ मध्ये अमेरिकन सरकारने तो भाग राष्ट्रीय स्मारक केला, १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान. निसर्गाचं रक्षण म्हणजे माणसांचा हात लागू द्यायचा नाही. त्यात सीलची शिकार बंद झाली, सीगलची अंडी उचलणं बंद झालं. म्हणजे मर्यादा सगळ्यात आधी घातली गेली ती तिथल्याच लोकांवर, आणि जहाजांनी बघायला येणाऱ्यांसाठी ते 'निर्मनुष्य अरण्य' झालं. अंडी गोळा करायला पुन्हा परवानगी देणारा कायदा व्हायला २०१४ साल उजाडलं. ऑगस्ट २०१६ मध्ये उद्यानातच, बार्टलेट कोव्हला, त्यांचं एक सामुदायिक घर पुन्हा उभं राहिलं.

हे एका रात्री जेवताना आईला सांगत होतो. तेव्हा ते दोघं येऊन आठवडा झाला होता. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे जंगल नव्हे ते. कुणाचं तरी गाव."

मी घास हातात धरून बसलो, कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही सहा मित्र वासोट्याला गेलो होतो. बामणोलीहून बोट, शिवसागराचं निळं पाणी, पलीकडे घनदाट झाडी, वनखात्याची परवानगी, संध्याकाळच्या आत परत. फोटोखाली मी इंग्रजीत लिहिलं होतं, 'माणसाचा स्पर्श न झालेलं'. घरी आल्यावर आजीला फोनवर ते फोटो दाखवले. आजी म्हणजे आईची आई. तिला डोंगर दाखवत होतो, पण तिचं बोट पाण्यावर होतं. "ह्यात आमचं गाव हाय," ती म्हणाली. कोयनेच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिच्या माहेरची माणसं उठली आणि पांगली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. 'आजीचं गाव धरणात गेलं' हे घरातलं एक वाक्य होतं, पितरांच्या नावांसारखं. पण ते पाणी आणि मी ज्याच्यावरून बोटीने गेलो ते पाणी एकच, हे डोक्यात कधी जोडलं गेलं नव्हतं. मी फोटोखालची ओळ काढून टाकली. आजीला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे तिला काही कळलं नाही.

तिकडे बर्फ आला आणि इकडे धरण. एक निसर्गाने केलं, एक माणसांनी, आणि हा फरक लहान नाही. पण नंतरचा भाग सारखा आहे. माणसं गेली की जागा सुंदर होते, मग ती सुंदर आहे म्हणून जपली जाते, आणि जपायची म्हणून गेलेल्यांनी परत यायचं नाही.

* * *

अलास्काच्या जहाजयात्रांचा इतिहास वाचताना १८९९ सालच्या हॅरिमन मोहिमेचं नाव येतंच. रेल्वेचा धनाढ्य मालक एडवर्ड हॅरिमन 'जॉर्ज डब्ल्यू. एल्डर' नावाचं जहाज घेऊन सिअ‍ॅटलहून निघाला. बरोबर शास्त्रज्ञ, चित्रकार, छायाचित्रकार. परतीच्या वाटेवर केप फॉक्सला त्यांना एक त्लिंगित गाव रिकामं दिसलं. ओसाड आहे असं समजून त्यांनी तिथले कोरीव टोटेम खांब उपटून जहाजावर चढवले, आणि ते संग्रहालयांमध्ये गेले. त्यांतले काही खांब २००१ मध्ये, एका नव्या जहाजातून, त्या लोकांच्या वंशजांना परत देण्यात आले. एकशे दोन वर्षांनी.

त्याच मोहिमेतल्या हेन्री गॅनेट या भूगोलतज्ज्ञाने नंतर एक सल्ला लिहून ठेवला. त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही म्हातारे असाल तर अलास्काला खुशाल जा, तरुण असाल तर थांबा. इतकं भव्य आधीच पाहिलंत तर पुढचं काही डोळ्यांत भरणार नाही. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, आई अठ्ठावन्न. सल्ला वाचून मला वाटलं, की गॅनेटने एक गोष्ट धरूनच चालली होती. जागा थांबेल, आपण म्हातारे व्हायची वाट बघेल. आता तसं नाही, आणि म्हणून सगळे घाई करतात. मीही 'आईला दाखवायचंय' म्हणत होतो, पण शीटमधल्या अर्ध्या रकान्यांत मला काय बघायचंय हेच होतं.

मग मी एक साधी गोष्ट केली, जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. शीट बाजूला ठेवलं आणि आईला विचारलं, तुला काय हवंय. ती म्हणाली, बर्फ पडताना आवाज येतो म्हणतात, तो ऐकायचाय. आणि जिथे उतरायचं तिथे दुकानंच दुकानं नकोत. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ड्रायव्हरची केबिन बघायला मिळते का विचार."

* * *

शेवटी ठरलं ते सांगतो. दोनेक हजार प्रवाशांचं, मोठ्यांमधलं त्यातल्या त्यात लहान जहाज. सिअ‍ॅटलहून. ग्लेशियर बेचा एक पूर्ण दिवस. जुनो. आणि हूनाहजवळचा आइसी स्ट्रेट पॉइंट हा थांबा. तिथे माशांच्या डबाबंदीचा जुना कारखाना दुरुस्त करून बंदर केलेलं आहे, आणि त्याची मालकी हुना त्लिंगितांच्या स्वतःच्या कंपनीकडे आहे. २००४ पासून ते चालवतात. ज्यांच्या पूर्वजांना त्या उपसागरातून उठावं लागलं तेच आता तो बघून येणाऱ्यांना दारात भेटतात, पैसे घेतात, आणि काय दाखवायचं, काय नाही, हे ठरवतात. यात सगळं फिटलं असं मी म्हणत नाही. जहाज तेलावरच चालेल. धूर कुणाच्या ना कुणाच्या देवघराएवढा बर्फ नेईल. पण कुठे उतरायचं हे ठरवताना, यजमान कोण आहे आणि त्याने बोलावलंय का, हे बघणं मला कार्बनच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटलं. कुणाच्या घरी गेल्यावर उंबऱ्यावर थांबून हाक मारतो तेवढंच हे.

शीट अजून आहे. शेवटच्या रकान्याचं नाव मात्र बदललं. 'नुकसान'च्या जागी 'कुणाला विचारलं?' असं लिहिलं. त्याला वजन देता येत नाही, त्यामुळे बेरीज आता शंभर होत नाही. त्या रकान्यात चार ओळी आहेत. आई: विचारलं. हूनाह: त्यांनीच बोलावलंय. जुनो: मतदान झालं, पाच जहाजांत आपण एक. सील, व्हेल, बर्फ: विचारता येत नाही, रेंजर सांगेल तसं. पाचवी ओळ मी हवेसाठी ठेवली आहे आणि ती रिकामी आहे. काय लिहावं ते कळत नाही, म्हणून खोटं काही लिहिलं नाही.

कॅनडाच्या व्हिसासाठी दोघांच्या बोटांचे ठसे द्यायला पुढच्या मंगळवारी जायचंय. १८८६ च्या कायद्यामुळे व्हिक्टोरियात चार तास मिळतील. बाबांनी नकाशा काढून ठेवला आहे, आणि बंदरापासून गावात जायला सिटी बस आहे का, ते बघताहेत.